कमरेभोवतीचे कडे



नोकरी संपली. बसून बसून आमचे अंग जड झाले. म्हणून आम्ही हुला हूप केले. हे कडे कमरेभोवती फिरवतात. 1958 साली अमेरिकेत प्लास्टिकचे कडे निघाले आणि घरोघरी गेले. आम्ही पाण्याचा काळा पाइप वाकवून टोके जोडली. कडे मोठे ठेवले. मोठे कडे सावकाश फिरते, शिकायला सोपे.

एक पाय पुढे ठेवावा. कडे पाठीला टेकवून जोरात सोडावे. मग कंबर पुढे-मागे हलवावी.

पहिल्या दिवशी कडे सारखे पडले. नातवंडे हसली. आम्हांला लाज वाटली. पण तुम्ही पाटी हाती धरलीत, तेव्हाही लोक हसलेच ना? तुम्ही थांबला नाहीत. मग आम्ही का थांबावे? आता आम्ही रोज दहा मिनिटे फिरवतो. घाम येतो, मजाही येते.

पाठ दुखत असेल त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.