विमानसुरक्षा आणि बिनतारी अभियंता

(वाशीम जिल्ह्यातील धनज येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रात्रीची जेवणे आटोपून अंगणात बाज टाकून पडलेल्या माणसाला धनजच्या आकाशात एखादा लुकलुकणारा ठिपका संथपणे सरकताना हमखास दिसतो. मुंबईहून कोलकात्याकडे जाणारी विमाने विदर्भावरून जातात आणि दिल्लीहून दक्षिणेकडे निघालेली विमानेही नागपूरच्या आसपासचे आकाश ओलांडतात. देशाच्या हवाई मार्गांची चौफुलीच या भागावर आहे म्हणा ना! त्या एका ठिपक्यात दीड-दोनशे माणसे बसलेली असतात. वैमानिकाला खाली काळोखाखेरीज काही दिसत नाही. तो ज्यांच्या भरवशावर निर्धास्त असतो, ते म्हणजे जमिनीवरून येणारा आवाज आणि जमिनीवरून वा उपग्रहाकडून येणारे संकेत. हे संकेत अहोरात्र शुद्ध ठेवणारा एक अभियंता असतो. प्रवाशाला त्याचे नाव कधीच कळत नाही आणि वैमानिकाचीही त्याच्याशी क्वचितच गाठ पडते.

या व्यवसायाचा आणि विदर्भाचा संबंध जुना आहे. ३० जानेवारी १९४९ रोजी भारतात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तिचे केंद्र नागपूर होते. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पुन्हा आपापल्या दिशेने उडत. त्या काळी उपग्रह नव्हते. जमिनीवरच्या बिनतारी प्रेषकाकडे विमानातील यंत्राचा काटा वळे आणि त्यावरून वैमानिक दिशा ठरवी. या व्यवस्थेत एक मोठी खोट होती. वादळात वीज कडाडली की काटा प्रेषकाला सोडून विजेच्या ढगाकडेच वळे! मृगाच्या तोंडी विदर्भात कसले ढग उठतात, हे येथे वेगळे सांगावयास नको. ज्या ढगापासून दूर राहायचे, नेमकी त्याचीच वाट यंत्राने दाखवावी, हा धोका ओळखून पुढील पिढ्यांतील अभियंत्यांनी अधिक उच्च कंप्रतेच्या, विजेने न बिचकणाऱ्या यंत्रणा उभ्या केल्या.

या अभियंत्यांचे शिक्षण मुख्यतः अलाहाबाद येथे, म्हणजे आजच्या प्रयागराज येथे, १९४८ मध्ये स्थापन झालेल्या नागरी विमान वाहतूक प्रशिक्षण महाविद्यालयात होत आले आहे. विमानतळांचा कारभार प्रथम केंद्र शासनाच्या खात्याकडे होता. १९८६ मध्ये राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण आले आणि १ एप्रिल १९९५ पासून भारतीय विमानतळ प्राधिकरण अस्तित्वात आले. पाट्या बदलल्या, काम तेच राहिले. १९७५ च्या सुमारास या सेवेत शिरलेल्या तरुणाच्या हाती काचेच्या निर्वात नळ्यांची यंत्रे होती. २०१३ च्या सुमारास तो निवृत्त होत असताना ‘गगन’ या भारतीय उपग्रहाधारित मार्गदर्शन यंत्रणेला मान्यता मिळत होती. एकाच नोकरीत इतका पल्ला गाठावा लागलेले व्यवसाय फार थोडे असतील.

पण यंत्रे बदलली तरी या अभियंत्याची शिस्त बदलली नाही, आणि ती समजून घेणे महत्त्वाचे आहे. धुक्यात वा पावसात विमान उतरविण्यासाठी धावपट्टीजवळ दोन प्रेषक असतात. एक धावपट्टीची मध्यरेषा दाखवितो, दुसरा उतरण्याचा सुमारे तीन अंशांचा उतार दाखवितो. या प्रेषकांसमोर आणखी एक पहारेकरी यंत्र असते. संकेत ठरलेल्या मर्यादेबाहेर किंचितही ढळला, तर ते काही क्षणांत चालू प्रेषक बंद करून राखीव प्रेषक सुरू करते. राखीव प्रेषकही सदोष निघाला, तर ते दोन्ही बंद करून टाकते. प्रथम ऐकणाऱ्यास हे चमत्कारिक वाटेल. वैमानिकाला गरज असताना यंत्र बंद का करावे? कारण संकेत नाही असे कळले तर वैमानिक वर उठेल, घिरटी घालील, दुसऱ्या विमानतळावर जाईल. पण चुकीचा संकेत मिळाला तर तो विश्वासाने डोंगरावर जाऊन आदळेल. चूक सांगण्यापेक्षा गप्प बसणारे यंत्र बनविणे, हे या शास्त्राचे मर्म होय. म्हणूनच प्रत्येक यंत्राला जोडीदार असतो, विजेला जनित्र आणि जनित्राला विद्युतघट असतात, प्रत्येक दुरुस्तीची नोंद वहीत होते आणि खास उपकरणे बसविलेले विमान ठराविक काळाने येऊन हे संकेत आकाशातून तपासून जाते.

ही शिस्त किती महाग पडून शिकावी लागते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी तेव्हाच्या औरंगाबाद विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे विमान मुंबईस निघाले. विमानात ११८ जण होते. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीडचा रस्ता जात होता आणि त्या रस्त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक चालला होता. उशिरा उचललेल्या विमानाचे चाक त्या ट्रकला लागले, पुढे विमान विजेच्या तारांत सापडले आणि कोसळले. ५५ जणांना प्राण गमवावे लागले. चौकशीत वैमानिकांची चूक दाखविण्यात आली. त्याबरोबरच उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरील वाहतूक रोखली गेली नाही, यावरही बोट ठेवण्यात आले. कापसाच्या गाठींचा ट्रक हे धनजच्या माणसाला रोजचे दृश्य आहे. विमानाची सुरक्षा विमानतळाच्या कुंपणापाशी संपत नाही, हे त्या ट्रकने दाखवून दिले.

दुसरे उदाहरण १२ नोव्हेंबर १९९६ चे. हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दोन परदेशी विमानांची टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले. त्या वेळी दिल्लीच्या रडारच्या पडद्यावर विमान ठिपक्याच्या रूपात दिसे, पण ते किती उंचीवर आहे हे पडदा सांगत नसे. उंची वैमानिकाच्या तोंडूनच कळे. त्यानंतर उंचीही दाखविणारी रडार यंत्रणा, येण्याजाण्याचे वेगळे मार्ग आणि विमानांमध्ये टक्कर टाळणारे उपकरण या गोष्टी आल्या. आता प्रश्न येतो तो सर्व दक्षतेनंतरही विमान संकटात सापडल्यास काय, याचा.

संकटातला वैमानिक ‘मेडे, मेडे, मेडे’ असे तीनदा उच्चारतो. १९२० च्या दशकात लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरील बिनतारी अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड याने हा शब्द सुचविला. ‘मला मदत करा’ या फ्रेंच शब्दांचा तो इंग्रजी उच्चार होय. याकरिता १२१.५ मेगाहर्ट्‌झ ही कंप्रता जगभर राखून ठेवलेली आहे. बोलण्यास सवड नसेल तर वैमानिक ७७०० हा आकडा यंत्रात भरतो आणि नियंत्रकाच्या पडद्यावर ते विमान संकटात असल्याची खूण उमटते.

परंतु वैमानिकच बेशुद्ध असेल तर? ऑक्टोबर १९७२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील बहुमत पक्षाचे नेते हेल बॉग्ज यांचे छोटे विमान अलास्कात नाहीसे झाले. ३९ दिवस शोध घेऊनही ते सापडले नाही, आजतागायत नाही. त्या घटनेनंतर तेथे लहान विमानांवरही आपोआप हाक देणारा प्रेषक बसविण्याची सक्ती झाली. तंत्रज्ञ त्याला ‘ईएलटी’ म्हणतात. जोराचा हादरा बसताच त्यातील कळ दाबली जाते आणि तो स्वतःच्या विद्युतघटावर संकेत पाठवू लागतो.

हा संकेत ऐकायचा कोणी? अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया यांनी, शीतयुद्ध ऐन भरात असताना, त्यासाठी ‘कॉस्पास-सारसॅट’ ही संयुक्त उपग्रह योजना आखली. १९८२ च्या जूनअखेर सोव्हिएत उपग्रह सोडला गेला आणि त्याच वर्षी १० सप्टेंबरला कॅनडात कोसळलेल्या एका छोट्या विमानातील तिघांचे प्राण त्याच्यामुळे वाचले. मूर्तिजापूरच्या फलाटावर न थांबता जाणाऱ्या गाडीची शिटी जवळ येताना बारीक व दूर जाताना जाड ऐकू येते. उपग्रहाला प्रेषकाचा स्वर नेमका असाच बदलताना भासतो आणि त्या फरकावरून गणिताने प्रेषकाची जागा काढता येते. भारत या योजनेत सहभागी आहे. बंगळूर व लखनौ येथे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेची संकेत घेणारी केंद्रे आहेत आणि नियंत्रण केंद्र बंगळुरास आहे.

जुन्या प्रेषकांचा एक दोष मात्र फार त्रासदायक होता. हाक कोणाची आहे हे ते सांगत नसत, आणि बहुसंख्य हाका खोट्या असत. विमान जरा आदळून उतरले तरी प्रेषक ओरडू लागे. म्हणून १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी १२१.५ ची हाक घेणे थांबविले. आता ४०६ मेगाहर्ट्‌झच्या प्रेषकाने आपली ओळख सांगायची असते. सुमारे ५० सेकंदांनी एकदा, अर्ध्या सेकंदापुरता तो बोलतो आणि त्यात स्वतःचा क्रमांक देतो. तो क्रमांक नोंदविलेला असेल तर शोधपथक निघण्यापूर्वी मालकाला दूरध्वनी करून खात्री करता येते. नोंद नसेल तर मोलाचा वेळ जातो. जन्ममृत्यूची नोंद ठेवणाऱ्या ग्रामसेवकास नोंदीचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

तरीही यंत्रावर सारा भार टाकता येत नाही. आघातात आकाशतार तुटते, आगीत प्रेषक जळतो, दाट झाडी व दऱ्याखोऱ्या संकेत अडवितात. २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर नल्लमलाच्या अरण्यात कोसळले. सकाळी संपर्क तुटला आणि अवशेष दिसले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. ३ जून २०१९ रोजी अरुणाचल प्रदेशात हवाई दलाचे ए.एन.-३२ विमान १३ जणांसह नाहीसे झाले, त्याचे अवशेष ११ जूनला दृष्टीस पडले. अशा वेळी शोधाची दिशा ठरविण्यास गुराख्याने ऐकलेला आवाज किंवा शेतकऱ्याने पाहिलेला धूरही उपयोगी पडतो. तेव्हा शिवारात असे काही घडल्यास ११२ क्रमांकावर तात्काळ कळवावे. गाव, शिवार, जवळचा रस्ता आणि पाहिल्याची वेळ एवढे स्पष्ट सांगावे. जखमींना मदत ही पहिली गोष्ट. पण इंधनाजवळ विडी-काडी नको, आणि अवशेष हलवू नयेत. ज्याला ‘काळी पेटी’ म्हणतात ती प्रत्यक्षात भगव्या-नारिंगी रंगाची असते. ती घरी नेऊन ठेवण्याची वस्तू नव्हे.

अमरावतीजवळ बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची नियमित सेवा सुरू झाली, त्यामुळे हा विषय आता परका राहिलेला नाही. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत कचरा टाकणे व उघड्यावर जनावरे कापणे यांस नियमांनी मनाई आहे. कारण घाणीवर घारी जमतात आणि घार इंजिनात शिरते. विमानतळाच्या परिसरात उंच इमारत वा मनोरा उभारण्यासही आधी ना-हरकत घ्यावी लागते. धनज त्या दहा किलोमीटरच्या बाहेर आहे, परंतु बेलोऱ्याच्या आसपासच्या ग्रामपंचायतींना बांधकाम परवानगी देताना याचा विसर पडून चालणार नाही.

शिक्षकांसाठी एक वेगळी गोष्ट सांगण्याजोगी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप होऊन सुमारे दहा हजार माणसे दगावली. घरांबरोबर दूरध्वनीही गेले. त्या वेळी बिनतारी संच व विद्युतघट घेऊन हौशी रेडिओचालक तेथे पोहोचले आणि त्यांनी निरोपांची ने-आण केली. ही माणसे पगारी नव्हती. त्यांनी छंद म्हणून परीक्षा देऊन केंद्र शासनाच्या दळणवळण मंत्रालयाचा परवाना मिळविलेला होता. या परीक्षेस बारा वर्षे पूर्ण झालेला विद्यार्थीही बसू शकतो. विद्युत्‌शास्त्राची प्राथमिक माहिती, संदेश देण्याघेण्याची पद्धत व नियम एवढा तिचा आवाका असतो; वरच्या दर्जाच्या परवान्यास मोर्सची टकटकही यावी लागते. उत्तीर्ण झालेल्यास ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होणारी स्वतःची संकेतखूण मिळते, ती जगात दुसऱ्या कोणाचीही नसते. विमानतळावरील नोकरीसाठी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी लागते आणि ती अमरावतीच्या वा नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून घेता येते. परंतु आठवीतल्या मुलाला त्या वाटेवर पहिले पाऊल टाकण्यास शाळेच्या खिडकीबाहेर ताणलेली वीस मीटर तांब्याची तार आणि ती ताणायला सोबत करणारा एक विज्ञानशिक्षक पुरतो.