जॉन हर्टचा अंगठा

आज मी तुम्हाला एक अंगठा ऐकवणार आहे. मिसिसिपी जॉन हर्ट या ब्लूज गायकाचा.

ब्लूज म्हटलं की आपण हंबरडा ऐकायला बसतो. हर्ट मात्र संध्याकाळी ओट्यावर बसून शेजाऱ्याशी बोलावं तसा गातो. प्रथम ऐकलं तेव्हा मला वाटलं, यात आहे काय? मग एकदा शब्द सोडून दिले आणि नुसता गिटारचा खर्ज ऐकला. उजवा अंगठा जाड तारांवर आळीपाळीने पडत राहतो, गाणं संपेपर्यंत, न अडखळता. त्याच वेळी बोटं बारीक तारांवर गळ्यातली चाल वाजवतात. पण ती दर वेळी अंगठ्याबरोबर नेमकी पडत नाहीत. बरेचदा दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत हळूच उतरतात. दोघे जण वाजवताहेत असं वाटतं. वाजवणारा एकच!

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मिसिसिपी राज्यातल्या अ‍ॅव्हलॉन गावचा हा शेतमजूर. १९२८ साली 'ओके' या तबकड्या काढणाऱ्या कंपनीने त्याची गाणी आधी मेम्फिसला, मग न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित केली. नावाआधी 'मिसिसिपी' तिनेच चिकटवलं, खपासाठी. तबकड्या फारशा खपल्या नाहीत, पाठोपाठ मंदी आली, आणि हर्टची पुढची तीसेक वर्षं शेतातच गेली.

न्यूयॉर्कला मात्र तो गावाच्या ओढीचं 'अ‍ॅव्हलॉन ब्लूज' गाऊन आला होता. त्यातल्या गावाच्या नावावरून १९६३ साली टॉम हॉस्किन्स नावाचा तरुण थेट त्याच्या दारात पोचला. हर्टचा 'शोध लागला' असं सगळे लिहितात. मला ते खटकतं. माणूस आपल्या गावातच तर होता! त्याच उन्हाळ्यात सत्तरीचा हर्ट न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायला. १९६६च्या नोव्हेंबरमध्ये तो गेला. कौतुक वाट्याला आलं ते जेमतेम साडेतीन वर्षं.

आता १९२८चं 'फ्रँकी' ऐकू. एका बाईने बेइमान प्रियकराला गोळी घातली, त्याची ही गोष्ट. एवढा खून सांगताना गाणाऱ्याचा आवाज कुठेही चढत नाही. शब्द कळले नाहीत तरी बिघडत नाही. सुरुवातीला फक्त अंगठ्याच्या मागे जा. तो कानात बसला की मग बोटांकडे या.