वारीत चाललेल्या विदुषी : डॉ. इरावती कर्वे
(जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यान)



देवळावर कळस चढला की गावाचा ऊर भरून येतो. अशा मंगल प्रसंगी डॉ. इरावती कर्वे यांचे स्मरण उचित ठरेल. आपल्या चालीरीती, नातीगोती आणि देवधर्म यांकडे त्यांनी शास्त्राच्या नजरेने, पण घरच्या माणसाच्या मायेने पाहिले.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंजान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तिकडे नोकरीस होते. तेथल्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले. वयाच्या सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्यास हुजूरपागेत पाठविण्यात आले. फर्ग्युसनमधून पदवी घेऊन त्यांनी मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली एम. ए. केले. महर्षी कर्वे यांचे चिरंजीव दिनकरराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पुढे त्या मानववंशशास्त्र शिकण्यासाठी बर्लिनला गेल्या. तेथील त्यांचे गुरू गोऱ्या वंशाला श्रेष्ठ मानणारे. इरावतीबाईंनी कवट्यांची मोजमापे घेतली, तेव्हा त्या मताला काही आधार सापडला नाही. परक्या देशात, गुरूच्या मर्जीची पर्वा न करता, त्यांनी ते तसेच लिहिले.

१९३९ साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. त्यांचे काम खुर्चीत बसून होणारे नव्हते. खेड्यापाड्यांत, रानावनांत हिंडून त्यांनी माणसांची मोजमापे घेतली आणि घरोघरची नाती विचारली. उत्तरेत मामाच्या मुलीशी लग्न निषिद्ध, दक्षिणेत ते रूढ, आणि आपल्या महाराष्ट्रात दोन्हींचा मेळ. मामा, आत्या, मावशी या रोजच्या शब्दांतून समाजाचा इतिहास कसा वाचावा, हे त्यांच्या १९५३ सालच्या भारतीय नातेसंबंधांवरील ग्रंथाने दाखविले. १९६८ साली महाराष्ट्राची भूमी आणि लोक यांवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला. कोयना धरणामुळे उठलेल्या गावांचे पुढे काय झाले, याचीही त्यांनी पाहणी केली. ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

परंतु देवळाच्या अंगणात त्यांची एक आठवण विशेष सांगितली पाहिजे. इरावतीबाई दिंडीबरोबर पंढरपूरच्या वाटेने पायी चालल्या. ज्या भूमीचे लोक पंढरीला जातात ती महाराष्ट्रभूमी, अशी ओळख त्यांना त्या वाटेवर पटली. मात्र एक गोष्ट मनाला लागली. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे बरोबर चालत, बरोबर अभंग म्हणत, पण जेवणाच्या वेळी पंगती वेगळ्या! बाईंनी मराठा बायकांबरोबर बसून जेवण केले. त्यानंतर त्या बायका मोकळेपणाने हात धरून चालू लागल्या, सुखदुःखे सांगू लागल्या, ‘ताई’ म्हणू लागल्या. पुण्याला भेटायला येऊ, असे कोणी म्हणाले. त्यावर एका तरुण मुलीने विचारले, की तेव्हाही ताई आमच्याशी अशाच वागतील ना? ‘वाटचाल’ या लेखात बाईंनी हा प्रसंग मोकळ्या मनाने लिहून ठेवला.

सज्जनहो, त्या मुलीचा प्रश्न प्रत्येक देवळाच्या पायरीवर उभा आहे. दगड नवा बसला, रंग नवा लागला, उत्सव थाटात पार पडला. उद्या मांडव उतरल्यावरही आपण एकमेकांशी असेच वागणार ना? कोणाची देणगी हजारांची असेल, कोणी दिवसभर दगड वाहिले असतील. महाप्रसादाची पंगत मात्र एकच असावी. तसेच गावातील वडीलधाऱ्यांकडून ओव्या, देवाच्या कथा आणि जुन्या चाली आताच लिहून घ्याव्यात. इरावतीबाईंनी आयुष्यभर हेच केले: माणसाजवळ बसल्या, त्याला विचारले आणि त्याचे ऐकून घेतले. या देवळाच्या ओट्यावर ते काम चालू राहो, हीच देवाचरणी प्रार्थना.