जुन्या मालमोटारींचा भाव

वस्तु जुनी झाली म्हणजे तिची किंमत उतरते, हा बाजाराचा सामान्य नियम. मुंबईच्या उपनगरांत डिझेलवर चालणाऱ्या छोट्या मालमोटारी त्याला अपवाद ठरत आहेत. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज सहा’ या मानकाच्याच नव्या गाड्या विकाव्या, असा दंडक झाला. धूर गाळणाऱ्या यंत्रणेमुळें नवी गाडी महागली. शिवाय मंद रहदारींत पुरेशी उष्णता न मिळाल्यानें ती गाळणी काजळीनें तुंबते. उलट, जुनें यांत्रिक पंपाचें इंजिन मुलुंडचा साधा मिस्त्रीहि दुरुस्त करतो. म्हणून अंधेरी-घाटकोपरचा लहान वाहतूकदार जुनीच गाडी शोधतो. परंतु तशा गाड्या आतां नव्यानें निघत नाहींत आणि असलेल्या मोडींत जातात. मागणी कायम, पुरवठा आटता. मग भाव चढणें क्रमप्राप्तच.

जानेवारी २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें शहरांतील पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्यानें काढतां येतील काय, हें पाहण्यास तज्ज्ञ समिति नेमण्यास सांगितलें. हवा शुद्ध हवी, याविषयीं दुमत नाहीं. मात्र ज्या गाडीवर एका कुटुंबाची चूल पेटते, ती काढण्यापूर्वीं तिच्या जागीं परवडणारी दुसरी उभी करणें, हें धोरणाचें पहिलें कर्तव्य होय.