लेकीच्या अभ्यासाला आईची सोबत

हातातलं काम बाजूला ठेवू नका, भाजी निवडत निवडतच ऐका.

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या सभेत कर्जाचा एक वेगळाच अर्ज आला. बियाणं, शेळी, दवाखाना ही कारणं आमच्या सवयीची. पण एका ताईंनी आठ हजार रुपये मागितले ते लेकीच्या अभ्यासासाठी. लेक एम.एस्सी. करते. तिला दोन महिने मेळघाटात राहून तिथल्या झाडांच्या नोंदी करायच्या आहेत. घरून विरोध होता आणि खरं सांगायचं तर आमच्यातही दोन तट पडले. तरणीताठी पोर, रानात एकटी कशी राहणार? आणि झाडं मोजून कर्ज कसं फिटणार? त्या दिवशी ठराव झाला नाही, विषय पुढच्या सभेवर गेला.

मधल्या दिवसांत आम्ही एका बाईची माहिती वाचून काढली आणि पुढच्या सभेत सगळ्यांना सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगतो. तिचं नाव जेन गुडाल.

जेन इंग्लंडची. 1934 चा जन्म. लहानपणापासून तिला एकच ध्यास होता, आफ्रिकेत जायचं आणि जनावरांमध्ये राहायचं. पण कॉलेजला घालायला घरात पैसा नव्हता. तिनं टायपिंग वगैरे शिकून नोकरी धरली. पुढे हॉटेलात ताटं वाढून बोटीच्या तिकिटाचे पैसे साठवले आणि 1957 मध्ये ती केनियाला पोचली. तिथे लुई लीकी या शास्त्रज्ञांकडे तिला काम मिळालं. तिची चिकाटी बघून त्यांनी ठरवलं, चिंपांझींचा अभ्यास हिलाच सांगायचा. जागा होती गोंबे. टांगानिका नावाच्या मोठ्या सरोवराच्या काठचं डोंगराळ जंगल. आज ते टांझानिया देशात येतं, तेव्हा तिथे इंग्रजांचा अंमल होता.

आता आपल्याच सभेतला प्रश्न तिथेही आला बघा. साहेब लोक म्हणाले, तरुण मुलीला एकटीला जंगलात राहू देणार नाही, सोबत कोणीतरी पाहिजे. मग सोबत कोण गेलं? तिची आई, व्हॅन. 14 जुलै 1960 ला मायलेकी बोटीनं काठावर उतरल्या. जेन तेव्हा 26 वर्षांची होती.

सुरुवात वाईटच झाली. दोघींना हिवतापानं गाठलं. आईचा ताप तर फारच चढला होता. त्यात लेकीची आणखी एक काळजी. पैसे सहाच महिन्यांचे होते, आणि चिंपांझी तिला लांबून बघूनच पळून जायचे. पहाटे उठून ती डोंगर चढायची, उंचावर दुर्बीण घेऊन बसायची आणि संध्याकाळी बहुतेक रिकाम्या हातानंच परतायची. रात्री तंबूत आई तिला धीर द्यायची.

आई नुसती तंबू राखत बसली नव्हती. काठावर मासे पकडायला येणाऱ्या लोकांसाठी तिनं छोटासा दवाखाना मांडला. ती डॉक्टर नव्हती, पण तापाच्या गोळ्या द्यायची, पट्ट्या बांधायची, पायाच्या चिघळलेल्या जखमा मिठाच्या पाण्यानं धुवायची. लोक येऊ लागले, ओळख झाली, विश्वास बसला. परक्या मुलकात लेकीचं काम पुढे गेलं, त्यात या ओळखीचा वाटा मोठा होता.

आणि मग त्याच सालच्या शेवटी तिला एक गोष्ट दिसली. एक चिंपांझी वारुळापाशी बसला होता. गवताची काडी भोकात घालायचा, काडीला वाळवी चिकटली की ओढून खायचा. काही चिंपांझी तर डहाळीची पानं ओरबाडून तिची काडी करायचे. तोवर शास्त्रज्ञ म्हणायचे, अवजार बनवतो तो माणूस. त्या समजाला इथेच धक्का बसला.

पुढे 1962 मध्ये तिला केंब्रिज विद्यापीठात थेट पीएच.डी.साठी घेतलं. पदवी नसताना! पण तिथे मोठमोठे प्राध्यापक तिला म्हणाले, तुझं चुकलं. चिंपांझींना नावं कसली देतेस? नंबर द्यायचे. जनावराला स्वभाव असतो, दुःख होतं, असं शास्त्रात लिहायचं नसतं. जेननं तर नावं देऊन टाकली होती. काडीवाल्याचं नाव डेव्हिड ग्रेबिअर्ड, एका आईचं फ्लो, तिच्या लेकीचं फिफी. तिनं ती बदलली नाहीत. घरची गाय-म्हैस नावानं हाक मारल्यावर मान वळवते, हे आपल्याला ठाऊक आहे. विद्यापीठाला ते पटायला वेळ लागला.

पुढे गोंबेत पुष्कळ विद्यार्थी शिकायला आले. 1975 मध्ये तिथल्या चार विद्यार्थ्यांना सरोवरापलीकडून आलेल्या हत्यारबंद टोळीनं पळवून नेलं. नंतर चौघंही जिवंत सुटले. ही गोष्ट आम्ही सभेत लपवली नाही. बाहेर पडण्यात धोका असतोच. पण परदेशी विद्यार्थी गेल्यावर काम थांबलं का? नाही. तिथलीच, टांझानियाची माणसं रोज डोंगर चढून नोंदी करत राहिली. आजही करतात.

आता आपल्या जिव्हाळ्याचं. 1990 च्या सुमाराला जेननं विमानातून बघितलं, गोंबेभोवतीचे डोंगर उघडेबोडके झाले होते. गावं गरीब, सरपण आणि शेतीसाठी झाडं तुटलेली. माणसं अडचणीत असतील तर जंगल वाचायचं नाही, हे तिला कळलं. 1994 मध्ये भोवतालच्या 12 गावांत काम सुरू झालं. स्थानिक माणसांनी आधी गावाला विचारलं, तुम्हाला काय हवं? मग रोपवाटिका आल्या, मुलींना शिष्यवृत्त्या आल्या आणि बायकांसाठी छोटी कर्जंही आली. म्हणजे आपल्यासारखंच काम की! 1 ऑक्टोबर 2025 ला, वयाच्या 91 व्या वर्षी जेन गेली. शेवटपर्यंत ती गावोगाव, देशोदेशी बोलत फिरत होती.

हे ऐकून सभेत जरा वेळ कोणी बोललं नाही. मग आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या काकू म्हणाल्या, "तिची आई गेली होती. आपल्यातली कोण जाणार?" अर्ज केलेल्या ताई म्हणाल्या, "मी जाते की. पण माझ्या दोन म्हशींचं काय?"

तर मैत्रिणींनो, ठराव असा झाला. आठ हजार मंजूर, दहा हप्ते, व्याज सगळ्यांना तेच. पहिले पंधरा दिवस आई सोबत राहील. लेकीला दोन अटी घातल्या. तिथल्या बायांना आधी नाव विचारायचं, मग झाडांचं. आणि परत आल्यावर काय शिकली ते आमच्या सभेत येऊन सांगायचं.

घरच्यांची समजूत अजून पुरती पटलेली नाही. सासूबाई रुसून आहेत. पण म्हशींच्या धारा काढायच्या पाळ्या आम्ही वाटून घेतल्यात. सोमवार आमचा.

तुमच्या गटात असा अर्ज आला तर तुम्ही काय ठरवाल? पुढच्या सभेत विषय काढा. नमस्कार.