‘हे बाळ मला खटकतंय’

१२ मे जवळ आला, की रुग्णालयांत हारतुऱ्यांची तयारी सुरू होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा हा जन्मदिवस. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार केंद्र सरकार १९७३ पासून देतं. शिवाय लहानमोठे पुरस्कार असतातच. अशाच एका पुरस्कारासाठी आमच्या नवजात अतिदक्षता विभागातल्या एका सिस्टरांची शिफारस करायचं काम २००९ मध्ये माझ्याकडे आलं. अर्जात रकाने होते : शिक्षण, सेवेची वर्षं, प्रशिक्षण आणि ‘उल्लेखनीय कार्य’. पहिले तीन पाच मिनिटांत भरले. चौथ्यापाशी पेन अडलं. (सिस्टरांचं नाव इथे घेत नाही, त्यांनीच तसं बजावलंय.)

काय लिहायचं? त्यांना बाळ कळायचं, एवढंच खरं तर सांगण्यासारखं होतं.

श्रोतेहो, हजार-अकराशे ग्रॅमचं बाळ आपलं दुखणं रडून सांगत नाही. जंतुसंसर्ग झाला की मोठ्या माणसाला ताप येतो. अपुऱ्या दिवसांचं बाळ पुष्कळदा उलट गार पडतं. दूध पचेनासं होतं, श्वास मध्येच थांबतो. हे ठळकपणे दिसेपर्यंत बरेचदा उशीर झालेला असतो. मॉनिटर हृदयाचे ठोके दाखवतो, रक्तातला प्राणवायू दाखवतो. बाळ मलूल आहे, हे तो दाखवत नाही. आमच्या सिस्टर पाळीवर आल्या, की हात धुऊन, हाताच्या मागच्या बाजूने आधी बाळाचं पोट आणि मग तळपाय चाचपायच्या. पोट ऊबदार आणि पाय गार, म्हणजे बाळाला थंडी बाधतेय. हे पुस्तकातही आहे. पण दर पाळीला, प्रत्येक बाळाला, न कंटाळता ते करणारी माणसं मी फार थोडी पाहिली.

नाइटिंगेलबाईंचा दिवा सगळ्यांना ठाऊक असतो. ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात त्यांनी एक अख्खं प्रकरण रुग्णाच्या निरीक्षणाला दिलंय, ते मात्र भाषणांत कुणी काढत नाही.

तर २००६ च्या पावसाळ्यातली एक रात्र. अडीचच्या सुमाराला सिस्टरांनी मला उठवलं. “मॅडम, तीन नंबरचं बाळ मला खटकतंय.”

मी पाहिलं. ठोके ठीक, प्राणवायू ठीक, संध्याकाळचा रक्ताचा रिपोर्टही ठीक.

“नेमकं काय खटकतंय?”

“पाय गार आहेत. नळीतून दिलेलं दूध पोटात तसंच राहिलंय. आणि लंगोट बदलताना हे रोज पाय झाडतं, आज झाडले नाहीत.”

माझी ती सलग दुसरी रात्र होती. “बघू सकाळी,” म्हणून मी जाऊन आडवी झाले. आज हे सांगताना बरं वाटत नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी त्या पुन्हा दारात. या वेळी त्यांनी विचारलं नाही. “कल्चरच्या बाटल्या काढून ठेवल्यात, मॅडम. तुम्ही या.”

मी चिडूनच उठले. सुई टोचली, तरी बाळ रडलं नाही, तेव्हा माझी झोप उडाली. लगेच अँटिबायोटिक सुरू केलं. पहाटेपर्यंत त्याचा श्वास दोनदा थांबला. दोन्ही वेळा सिस्टरांनी तळपायावर टिचक्या मारून तो चालू केला. दोन दिवसांनी कल्चरमध्ये जंतू निघाले.

पाच आठवड्यांनी ते बाळ घरी गेलं. डिस्चार्ज कार्डावर सही माझी. आजीबाईंनी पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला, पाया पडायला वाकल्या. सिस्टर पलीकडे दुसऱ्या बाळाला नळीने दूध देत उभ्या होत्या. मी आजीबाईंना काही बोलले नाही.

ती रात्र मी चौथ्या रकान्यात लिहिली, माझ्या ‘बघू सकाळी’सकट. कार्यालयातून अर्ज परत आला : दोन ओळींत बसवा आणि स्वतःबद्दलचा मजकूर काढा. मी तो काढला नाही, वेगळा कागद जोडला. पुरस्कार त्या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी मिळाला.

सिस्टरांना मी तो कागद वाचायला दिला होता. उभ्याउभ्याच त्यांनी वाचला, घडी घालून परत दिला.

“त्या रात्री माझ्याकडे सात बाळं होती, मॅडम,” त्या म्हणाल्या. “बाकीची सहा शांत होती म्हणून. तेवढं लिहायचं राहिलं.”