भरती-ओहोटी पाहून किनाऱ्यावर जावे

(सौंसर येथे शिक्षक, ग्रामस्थ व अधिकारी यांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सौंसरहून समुद्र फार दूर आहे. आपली कन्हान आणि आपली जाम या दोन्ही नद्या पूर्वेकडच्या समुद्राची वाट धरतात. पश्चिमेचा समुद्र आपल्यापैकी पुष्कळांनी चित्रातच पाहिला असेल. परंतु अलीकडे आपल्या तालुक्यातील शाळा कोकणात सहली नेऊ लागल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. त्या सहलींच्या संदर्भात चार उपयुक्त गोष्टी सांगाव्यात, या हेतूने मी आज आपणांपुढे उभा आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात देवगड नावाचा तालुका आहे. देवगड म्हटले की आपल्याला छिंदवाड्याजवळचा गोंड राजांचा डोंगरी किल्ला आठवतो. नागपूर शहर वसविणारा बख्त बुलंद याच घराण्यातला. कोकणातले देवगड मात्र समुद्रात घुसलेल्या भूशिरावर वसले आहे आणि त्याच तालुक्याच्या उत्तर टोकाला, वाघोटन खाडीच्या मुखाशी, विजयदुर्ग उभा आहे. आज मी प्रामुख्याने या विजयदुर्गाच्या द्वीपकल्पाविषयी बोलणार आहे.

तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला जमीन, अशी या किल्ल्याची जागा आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याने तो बांधला असे मानले जाते. जवळच्या गिर्ये गावावरून त्याला घेरिया म्हणत. १६५३ मध्ये शिवाजी महाराजांनी तो जिंकला आणि विजयदुर्ग हे नाव दिले. त्याची तिहेरी तटबंदी पाहण्यासारखी आहे. पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे हे मुख्य ठाणे झाले. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांचे आरमार आणि पेशव्यांचे सैन्य यांनी मिळून तुळाजी आंग्रे यांच्यावर चाल केली. खाडीत उभी असलेली आंग्र्यांची जहाजे त्यात जळून गेली. मराठ्यांच्या आरमाराचे एक अंग मराठ्यांच्याच संमतीने नष्ट झाले, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगताना शिक्षकांनी ती झाकून ठेवू नये, असे माझे मत आहे. विजयदुर्ग नंतर पेशव्यांकडे आला, धुळपांनी तेथून आरमार चालविले आणि १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी स्थापत्य’ म्हणून ज्या १२ किल्ल्यांची जागतिक वारशात नोंद केली, त्यांत विजयदुर्ग आणि मालवणचा सिंधुदुर्ग हे दोन्ही आहेत.

किल्ला पाहून लोक परत फिरतात. गिर्ये गावाजवळ खाडीच्या काठी कातळात खोदलेली जुनी गोदी आहे. तिकडे फारसे कोणी वळत नाही. माझ्या दृष्टीने मात्र ती किल्ल्याइतकीच मोलाची आहे. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यावयाचे, ओहोटी लागून पाणी उतरले की ते कोरडे पडावयाचे, मग त्याचा तळ खरवडून दुरुस्त करावयाचा आणि पुढच्या भरतीला बाहेर काढावयाचे. समुद्राच्या येण्याजाण्यालाच तेथे कामाला लावले होते. विजयदुर्गाचे सामर्थ्य तटाप्रमाणेच या हिशेबातही होते.

हाच हिशेब आपल्या सहलीलाही लागू आहे. नदीच्या पुराची आपल्याला सवय आहे. पूर पावसाबरोबर येतो आणि वरच्या अंगाने येतो. समुद्राचे पाणी मात्र निरभ्र आकाशाखाली दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते आणि रोज सुमारे पाऊण तास उशिराने येते. कोकणातील दर्यावर्दी माणसे यासाठी तिथीचा आधार घेतात. तिथीला पाऊणने गुणावे, म्हणजे भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन; तेव्हा पहाटे तीन व दुपारी तीन या सुमारास पूर्ण भरती, आणि सहा तासांनी, सकाळी नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा मोजावे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची मोठी भरती असते, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी. हा ठोकताळा आहे. नेमकी वेळ तेथील मच्छीमारांना विचारावी.

एकदा सहलीबरोबर असताना मी हा हिशेब केला नव्हता. मुले खडकांवर उतरली होती. खळग्यांत साचलेल्या पाण्यात शंखात राहणारे खेकडे आणि समुद्रफुले दिसत होती. सगळे रमले होते आणि आम्ही मोठी माणसे छायाचित्रे काढीत होतो. जाळे विणीत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी हाक मारली, “मास्तरांनू, पोरांक मागे घेवा, पाणी चढता हा.” आम्हाला तर पाणी होते तिथेच दिसत होते. तरी मुलांना मागे घेतले. अर्ध्या तासात ते खडक दिसेनासे झाले. एका मुलाची चप्पल तेवढी गेली.

प्रत्येक वेळी चपलेवर निभावत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून आलेल्या एकाच सहलीतील डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरी येथे बेळगावच्या सहलीतील आठ जण गेले; त्यांत एक प्राध्यापकही होते. ही मुलेही आपल्यासारखीच दुरून समुद्र पाहावयास आली होती. पेंचच्या जंगलात वाटाड्याच्या परवानगीवाचून आपण गाडीतून पाय खाली ठेवीत नाही. किनाऱ्यावर मात्र गाडी थांबताच मुले पाण्याकडे धावतात आणि शिक्षक पिशव्या मोजीत राहतात.

वन्यजीवांचाही येथे उल्लेख केला पाहिजे, कारण त्यांचे जीवनही याच पाण्यावर चालते. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात कोकणच्या वाळूत अंडी घालतात. मादी रात्री येते, भरतीच्या रेषेच्या वर खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालून वाळू लोटते आणि निघून जाते. घरटे खाली झाले तर उधाणाचे पाणी ते बुडविते; कोल्ही-कुत्री वेगळीच. म्हणून स्वयंसेवक अंडी कुंपणातील सुरक्षित जागेत हलवितात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने हे काम सुरू केले. आज सिंधुदुर्गातील वायंगणीसारख्या किनाऱ्यांवरही ते चालते. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि उजेडाच्या दिशेने पाण्याकडे चालू लागतात. अशा वेळी मोबाइलचा दिवा लावला तर ती भलतीकडे वळतात. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्वेच्या समुद्रातून पश्चिमेच्या समुद्रात ती पोहत आली होती. भूगोलाच्या तासाला याहून चांगले उदाहरण कोणते द्यावे?

आपल्या सहली बहुधा डिसेंबरात निघतात. त्या वेळी घरटी असतात, पिल्ले क्वचितच. पिल्ले पाहावयाची असतील तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध अधिक बरा. परीक्षेची अडचण मी जाणतो, तरी लहान वर्गांचा विचार व्हावा. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासूनचे आहे. तेथून शंख-प्रवाळ उचलून आणू नयेत. पावसाळ्यात किनाऱ्यावर सहल नेऊच नये. जून-जुलैत तेथील मच्छीमारही बोटी ओढून ठेवतात.

कोकणचा नकाशा मागच्या भिंतीवर लावला आहे. ज्या शाळांची सहल ठरली असेल, त्या शिक्षकांनी सभेनंतर थोडे थांबावे. तारखा सांगाव्यात, पंचांग मी बरोबर आणले आहे, आपण एकेका दिवसाची भरती-ओहोटी मांडून पाहू.